महागडी केबल, लांब मंडप आणि आपले कान

२०२४ च्या डिसेंबरअखेर पेडणे तालुक्यातल्या धारगळ गावात सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव तीन दिवस चालला. त्याआधी गावात वाद पेटला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेले आणि आवाजाची पातळी हा त्या वादातला कळीचा मुद्दा ठरला. त्याच पेडण्यात जत्रांच्या दिवसांत रात्र-रात्र दशावतारी दहीकाला रंगतो. पायपेटी, पखवाज आणि झांजेच्या साथीला आता माइक आणि दोन-चार स्पीकर असतातच. शेजारच्या डिचोलीत शिरगावच्या लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंडांच्या आणि इतर भाविकांच्या गर्दीला सूचना द्यायला कर्णे लागतात. गावोगावचे भजनी सप्ताह, देवळांच्या वर्धापनदिनांची संगीत नाटके, चवथीतल्या घुमट-आरत्यांच्या स्पर्धा यांचेही ध्वनिव्यवस्थेवाचून पान हलत नाही. आणि या सगळ्या गर्दीपासून दूर, घरात बसून शास्त्रीय गाणे मन लावून ऐकणारा एक श्रोता असतो. त्याने हौसेने चांगला ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आणलेली असते.

या सगळ्यांकडे ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत दोन तारा जातात. त्या तारांमुळे आवाज बदलतो का, बदलत असेल तर किती, आणि त्यासाठी किती पैसे मोजावेत, हा प्रश्न हाय-फायच्या जगात सुमारे पन्नास वर्षे गाजतो आहे. त्याचे उत्तर दिवाणखान्यात एक मिळते आणि मंडपात दुसरे.

वाद कुठून सुरू झाला

१९७० च्या दशकापर्यंत स्पीकरला कोणती वायर जोडायची याचा फारसा विचार कोणी करत नसे. टेबल-लॅम्पला लागते तशी साधी जोडवायर स्पीकरलाही लागे. मग जपान आणि फ्रान्समधील काही हौशी तज्ज्ञांनी वेगवेगळ्या तारांचा आवाज वेगळा येतो असे लिहायला सुरुवात केली. त्याच दशकात पोल्क ऑडिओ या अमेरिकन कंपनीने ‘कोब्रा’ नावाची, अनेक बारीक तारा विणून केलेली केबल बाजारात आणली. १९७९ मध्ये नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि केबल ही स्वतंत्र, पारदर्शक वेष्टनात मिरवण्याजोगी वस्तू झाली. पुढे किमती चढत गेल्या. २००७ मध्ये पेअर कंपनीच्या ‘अँजू’ या १२ फुटी केबलजोडीची किंमत ७,२५० डॉलर होती. तेव्हाच्या दराने ती तीन लाख रुपयांच्या जवळ जाते.

ही किंमत पाहून चमत्कारांच्या दाव्यांची तपासणी करणारे जेम्स रँडी पुढे आले. ही केबल आणि साधी चांगली केबल केवळ ऐकून वेगळी ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा, असे त्यांनी जाहीर केले. ऑडिओ समीक्षक मायकेल फ्रेमर यांनी आव्हान स्वीकारले. पण पेअर कंपनीने माघार घेतली आणि ती चाचणी झालीच नाही.

तारेचे गणित

तारेचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे तिचा रोध. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. तार जाड झाली की रोध त्या प्रमाणात घटतो, लांब झाली की वाढतो. कुळागरात पाट जितका लांब आणि अरुंद, तितके शेवटच्या पोफळीपाशी पाणी कमी पोचते, विजेचेही तसेच.

आपल्याकडे इलेक्ट्रिकच्या दुकानात लवचिक वायर अजूनही ‘१४/७६’, ‘२३/७६’, ‘४०/७६’ अशा जुन्या नावांनी मागितली जाते. पहिला आकडा आतल्या बारीक तारांची संख्या सांगतो. दुसरा प्रत्येक तारेचा व्यास सांगतो, म्हणजे इंचाचे ७६ दशसहस्रांश, सुमारे ०.१९ मिलिमीटर. त्या हिशेबाने ४०/७६ ची जाडी जवळजवळ १.१७ चौरस मिलिमीटर भरते, २३/७६ ची ०.६७ आणि १४/७६ ची ०.४१.

आता दिवाणखान्याचे उदाहरण घ्या. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ३ मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर तार. स्पीकर ८ ओहमचा. ४०/७६ वापरली तर तारेचा रोध ०.०९ ओहमच्या आसपास येतो आणि आवाज ०.१ डेसिबलने कमी होतो. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर घट ०.०५ डेसिबलही नाही. अगदी बारीक १४/७६ जोडली तरी ती पाव डेसिबलच्या थोडी पुढे जाते. संगीत ऐकताना पातळीतला साधारण अर्ध्या ते एक डेसिबलपेक्षा लहान फरक माणसाला सहज कळत नाही. म्हणजे चाळीस-शहात्तरच्या पुढे जाऊन केवळ रोधासाठी आणखी पैसे घातले तर कानाला मिळण्यासारखे फारच थोडे उरते.

यात एक बारकावा मात्र ध्यानात ठेवायला हवा. ‘८ ओहमचा स्पीकर’ सगळ्या सुरांना ८ ओहमचा नसतो. काही कंप्रतांना त्याचा अवरोध (इम्पिडन्स) ४ ओहमपर्यंत खाली येतो, काहींना २०-३० ओहमवर चढतो. तारेचा रोध मोठा असेल तर खालच्या अवरोधाच्या जागी घट जास्त होते आणि वरच्या अवरोधाच्या जागी कमी. त्यामुळे आवाजाचा तोलच थोडा सरकतो. केबलने ‘रंग’ बदलला असे म्हणणाऱ्यांच्या अनुभवामागे खरे भौतिक कारण असेल तर बहुतेक वेळा ते हेच असते. मॅकिंटॉश कंपनीत स्पीकर घडवणारे रॉजर रसेल यांनी यावर सोपा नियम दिला: केबलचा एकूण रोध स्पीकरच्या अवरोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. ८ ओहमच्या स्पीकरला ३ मीटरवर हा नियम पाळायला पाव चौरस मिलिमीटरहून किंचित जाड तारही पुरते.

मंडपात मात्र तार बोलते

तीच वायर मंडपात नेली की चित्र पालटते. रंगमंचाजवळ ॲम्प्लिफायर आणि ३० मीटरवर, मागच्या बाजूच्या प्रेक्षकांसाठी, ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेले. एकत्र अवरोध ४ ओहम, तार जाऊन-येऊन ६० मीटर. ४०/७६ ने इथे जवळपास ०.९ ओहमचा रोध येतो आणि आवाज १.७ डेसिबलने पडतो. २३/७६ वापरली तर घट पावणेतीन डेसिबलपर्यंत जाते आणि ॲम्प्लिफायरने तारेत सोडलेल्या शक्तीपैकी पाव हिश्शाहून जास्त वाटेतच उष्णता होऊन जाते. ४ चौरस मिलिमीटरची वायर घातली तर हीच घट अर्ध्या डेसिबलच्या आसपास थांबते.

तारेचा दुसरा गुणही इथे जागा होतो. शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन तारांना प्रेरकत्व असते आणि ते उंच सुरांना अडवते. साध्या जोडवायरमध्ये ते मीटरमागे सुमारे ०.६ मायक्रोहेन्री असते. घरातल्या ३ मीटरला त्याचा परिणाम नगण्य. ३० मीटरला मात्र २० किलोहर्ट्झच्या टोकाशी एक-सव्वा डेसिबलची घट होऊ शकते. झांजेचा झणका मागे बोथट ऐकू आला तर त्यात तारेचाही वाटा असू शकतो.

साउंडवाल्यांनी यावर तीन उपाय फार पूर्वीच शोधले आहेत. पहिला, ॲम्प्लिफायर स्पीकरजवळ न्यायचा आणि लांब अंतर बारीक सिग्नलच्या केबलवर सोडायचे. आजकालचे स्पीकर आतच ॲम्प्लिफायर घेऊन येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. दुसरा उपाय देवळांच्या कर्ण्यांचा. अहुजासारख्या कंपन्यांच्या ॲम्प्लिफायरला १०० व्होल्टची लाइन असते आणि प्रत्येक कर्ण्याला लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावतात. १०० वॅट पाठवायला तिथे फक्त एक ॲम्पियर प्रवाह लागतो, म्हणून देवळाच्या आवारातून आणि माडांच्या रांगांवरून बारीक वायर लांबवर नेली तरी घट अगदी थोडी राहते. तिसरा उपाय सरळ आहे: जाड वायर आणि पक्की जोडणी. नॉयट्रिक कंपनीने १९८७ मध्ये काढलेला स्पीकॉन हा फिरवून कुलूप लावता येणारा कनेक्टर मंडपांत रूढ झाला तो याच गरजेतून.

या गणिताचा गावाच्या झोपेशीही संबंध आहे. मागे आवाज पडला की साउंडवाला आवाज वाढवतो, मग पुढच्या रांगांना आणि लगतच्या घरांना तो नकोसा होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे; सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. दोन प्रचंड स्पीकर पुढे ठेवण्यापेक्षा पाच-सहा लहान स्पीकर प्रेक्षकांजवळ वाटले, त्यांना नीट वायर घातली, तर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट जातात आणि गावाच्या वेशीवर आवाज कमी पोचतो. पेडणे-डिचोलीच्या जत्रा-समित्यांना याहून उपयोगाची केबल-चर्चा नाही.

महाग केबलचे दावे

घराच्या दिवाणखान्यात परत येऊ. तिथे विकल्या जाणाऱ्या केबलबद्दल जे दावे होतात ते एकेक तपासता येतात.

‘स्किन इफेक्ट’ हा त्यातला लाडका दावा. उंच कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो हे खरे आहे. पण २० किलोहर्ट्झला तांब्यात त्याची खोली सुमारे ०.४७ मिलिमीटर असते. घरातल्या ३ मीटर केबलमध्ये त्यामुळे वाढणारा रोध ओहमच्या एक-दोन शतांशांएवढा असतो. तो कानाला कळत नाही.

तांब्याच्या शुद्धतेचा दावाही असाच. ऑक्सिजनमुक्त तांबे आणि वायरींचे नेहमीचे चांगले तांबे यांच्या वाहकतेत साधारण एक टक्क्याचा फरक असतो. चांदी तांब्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास सरस वाहक आहे. तार तेवढ्याच टक्क्यांनी जाड घेतली तर चांदीचा फायदा तांब्यातच मिळतो.

डाव्या-उजव्या स्पीकरच्या केबलची लांबी तंतोतंत सारखी हवी, नाहीतर आवाज मागे-पुढे होतो, असेही सांगतात. एक मीटरच्या फरकाने विजेला लागणारा वेळ सुमारे ५ नॅनोसेकंदांनी बदलतो. ऐकणाऱ्याचे डोके एक मिलिमीटर हलले तर आवाजाला लागणारा वेळ ३ मायक्रोसेकंदांनी बदलतो, म्हणजे त्याच्या सहाशे पट. केबल शेकडो तास वाजवून ‘मुरवावी’ लागते, तिच्यावरच्या बाणाच्या दिशेनेच ती जोडावी, ती जमिनीपासून उंच आधारांवर ठेवावी, या सल्ल्यांना भौतिकशास्त्रात आधार नाही. त्या दोन तारांतून वाहणारा प्रवाह तर सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलत असतो.

तरीही सगळ्या केबल सारख्याच वागतात असे म्हणणे चूक ठरेल. कोब्रासारख्या विणलेल्या केबलची धारकता (कपॅसिटन्स) इतकी मोठी होती की त्या काळचे काही ॲम्प्लिफायर अस्थिर होऊन बिघडले. इंग्लंडच्या नेम कंपनीने आपल्या ॲम्प्लिफायरना किमान साडेतीन मीटर केबल लावा असे सांगितले, कारण केबलचे प्रेरकत्व त्या ॲम्प्लिफायरच्या रचनेतच धरलेले होते. एमआयटी आणि ट्रान्सपरंट या कंपन्या केबलवर विद्युत घटकांची डबी बसवतात. तिने आवाज बदलला तर नवल नाही. ही सगळी उदाहरणे मोजता येणारी आहेत आणि त्यांची कारणे सांगता येतात.

कानांची परीक्षा

अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने ऑगस्ट १९८३ मध्ये लॉरेन्स ग्रीनहिल यांची केबल-चाचणी छापली. श्रोत्यांना कोणती केबल चालू आहे हे ठाऊक नव्हते. अगदी बारीक, २४ गेजची वायर ओळखता आली, कारण तिच्यामुळे आवाज मोजण्याइतका खाली येत होता. पण जरा जाड, १६ गेजची साधी वायर आणि महागडी केबल यांतला फरक संगीत ऐकताना सांगता आला नाही. १९९१ मध्ये फ्रेड डेव्हिस यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात १२ केबलची मोजमापे प्रसिद्ध केली. कमी रोध आणि कमी प्रेरकत्व हेच चांगल्या केबलचे लक्षण, असा त्यांतून अर्थ निघतो.

मग हजारो जाणत्या श्रोत्यांना फरक ऐकू येतो तो खोटा का? ऐकू येणे खरेच असते, त्याचे कारण मात्र तारेत नसते. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्यामागून आणि एकदा उघड्यावर ऐकवले. डोळ्यांना वस्तू दिसताच गुण बदलले. किंमत, वजन, नाव आणि स्वतःचा खर्च या सगळ्या गोष्टी कानांच्या मदतीला येतात आणि अनुभव घडवतात. यात श्रोत्याचा अप्रामाणिकपणा नाही. मेंदू सगळ्यांचा असाच चालतो.

केबलच्या बाजूने बोलणारे म्हणतात की अशा चाचणीत ताण येतो आणि बारीक फरक दिवसेंदिवस ऐकूनच कळतो. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. पण डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘एबीएक्स’ पद्धतीत श्रोत्याला हवा तेवढा वेळ घेता येतो, हवे तितक्यांदा अदलाबदल करता येते, आपल्याच घरात आपलेच संगीत वापरता येते. लपवायची असते ती फक्त केबलची ओळख.

ही परीक्षा घरीही घेता येते. एकाने केबल बदलायच्या, दुसऱ्याने पाठमोरे बसून ऐकायचे. बदल करायचा की नाही हे नाणे उडवून ठरवायचे. त्याआधी स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने दोन्ही केबलचा व्होल्टेज पाहायचा. त्यात एक टक्क्याचा फरक म्हणजे ०.१ डेसिबल, आणि त्याहून जास्त फरक असेल तर परीक्षा केबलची न राहता पातळीची होते. घुमटाचा खोल ठोका, शामेळाचा टणक आघात आणि एकट्या गायिकेचा तार षड्ज असे तीन वेगळे आवाज निवडावेत. १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक बरोबर नुसत्या अंदाजाने येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. तोपर्यंत ‘मला कळते’ या म्हणण्याला वजन देऊ नये.

गोव्यातली खरी संकटे

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांत हवेत मीठही असते. उघड्या तांब्यावर आणि पितळी टर्मिनलवर हिरवा कळंक चढतो, स्क्रू सैल होतात आणि जोडणीचा रोध तारेच्या रोधापेक्षा कितीतरी पुढे जातो. डिचोलीच्या खाणपट्ट्यात त्यात तांबड्या धुळीची भर. स्पीकर मधूनच खरखरतो किंवा एक बाजू दबते, तेव्हा दोष बहुधा या टोकांशी असतो. पावसाळ्यानंतर टोके कापून, तार नव्याने सोलून, घट्ट आवळून जोडणे हा कोणत्याही महागड्या केबलपेक्षा मोठा सुधार ठरतो.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमची वायरही स्पीकर-वायर म्हणून विकली जाते. तिची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते. ब्लेडने तार खरवडावी. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनिअमची. कथिलाचा मुलामा दिलेली खरी तार उलट वरून पांढरी आणि आतून लाल असते, ती घ्यायला हरकत नाही.

आवाजाचा सर्वांत मोठा शिल्पकार मात्र खोली आहे. चिऱ्याच्या भिंतींवर गुळगुळीत गिलावा, चकचकीत लाद्या आणि उघड्या काचा असलेल्या बैठकीत आवाज घुमत राहतो. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास पहिला अनुनाद बसतो आणि तिथे खालच्या सुरांची पातळी काही ठिकाणी दहा डेसिबलपर्यंतही चढ-उतार करू शकते. स्पीकर भिंतीपासून अर्धा मीटर पुढे ओढला, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले, जाड पडदा आणि सतरंजी घातली तर बदल कोणालाही डोळे मिटून ओळखता येतो. पणजीच्या कला अकादमीचे उदाहरण ताजे आहे. चार्ल्स कोरिया यांनी घडवलेली ही वास्तू नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये खुली झाली तेव्हा कलावंतांनी ध्वनी आणि प्रकाश यांबद्दल उघड तक्रारी केल्या आणि सरकारला त्यासाठी स्वतंत्र कृतिदल नेमावे लागले. सभागृहाचा आवाज वास्तू, साहित्य आणि मांडणी मिळून घडवतात. घरातही तेच लागू आहे.

निवाडा

स्पीकर ३ ते ५ मीटरवर असेल तर शुद्ध तांब्याची ४०/७६ किंवा दीड-अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी आणि केबलचा विषय तिथेच संपवावा. उरलेला पैसा आधी स्पीकरवर, मग खोलीवर आणि मग चांगल्या ध्वनिमुद्रणांवर खर्च करावा. कोणाला सुंदर विणलेली, देखणी केबल हवीशी वाटत असेल तर ती शोभेची वस्तू म्हणून जरूर घ्यावी; आवाज सुधारेल या आशेने घेऊ नये. मंडपात आणि सभागृहात मात्र वायरीत कंजुसी करू नये. ४ ओहमच्या जोडणीला १० मीटरसाठी किमान अडीच चौरस मिलिमीटर, ३० मीटरसाठी सहा, किंवा ॲम्प्लिफायरच जवळ न्यावा. दूरवरच्या कर्ण्यांना १०० व्होल्टची लाइन द्यावी. साउंडवाल्याशी दर ठरवताना जत्रा-समितीने स्पीकर किती मोठे हे विचारण्याआधी ते कुठे ठेवणार, वायर किती जाड आणि तिची टोके शेवटची कधी साफ केली, हे विचारावे.